एक पेनड्राइव्ह आणि सात घरं: दशावताराचं चित्रण सगळ्यांच्या टीव्हीवर चालावं म्हणून काय सेटिंग ठेवू?

मृदंगाची लेक

नमस्कार मंडळी. मी वेंगुर्ला तालुक्यातल्या एका वाडीत राहते, झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरण्याचं दुकान आहे. कॉम्प्युटर रोजच्या वापरातला, पण व्हिडिओतलं मला फारसं कळत नाही. प्रश्न मोठा आहे, सगळं सांगूनच विचारते.

माझे बाबा ३१ वर्षं दशावतारात मृदंग वाजवत होते. दोन वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आला आणि उजवा हात गेला. त्यांचं वाजवणं पाच मिनी-डीव्ही कॅसेटींवर आहे. माझा मामा २००६ ते २०१० दरम्यान मुंबईहून जत्रेला यायचा, तेव्हा त्याने घेतलेलं. गेल्या उन्हाळ्यात कॅसेटी कपाटातून काढल्या तेव्हा दोन डब्यांच्या कडेला पांढरी बुरशी धरलेली होती. घाबरून लगेच एका ओळखीच्या स्टुडिओत नेल्या आणि हार्ड डिस्कवर उतरवून घेतल्या. तासाला साधारण १३ जीबीच्या एव्हीआय फाइल मिळाल्या. शिवाय यंदाच्या जत्रेचं चित्रण भाच्याने फोनवर केलंय. त्यात बाबांचा शिष्य वाजवतोय.

चतुर्थीला तीन आठवडे आहेत. सगळी भावकी गावात असते तेव्हा सात घरांना एकेक पेनड्राइव्ह द्यायचा विचार आहे. भाच्याने लॅपटॉपवर फाइल बदलून दिल्या, त्या मी घरोघर लावून बघितल्या. वहीत टिपून ठेवलंय:

आमच्या घरी अँड्रॉइड टीव्ही आहे. सगळं चालतं, पण जुन्या चित्रणात हात हलला की आडव्या रेषा येतात, जणू कंगव्याचे दात. माणसंही आडवी फुगलेली दिसतात.

काकीकडे ३२ इंची साधा एलईडी, नऊ-दहा वर्षं जुना. फोनवरची फाइल उघडतच नाही. कॅसेटची उघडते, पण मुकी.

देवगडला आतेकडे तसाच टीव्ही, तोच प्रकार. आते फोनवर म्हणाली, "गो, चित्र झकास दिसता, पण माज्या भावाचो मृदंग ऐकाक येना नाय." त्या रात्री मला झोप लागली नाही.

शेजारच्या आबांकडे डब्याचा टीव्ही आणि यूएसबीवाला डीव्हीडी प्लेअर. काहीच चालत नाही. आबा स्वतः त्याच मंडळात राजपार्ट करायचे, आता ऐंशीच्या पुढे आहेत. त्यांना दाखवायचंच आहे.

धाकट्या काकांकडे डिशचा साधा सेट टॉप बॉक्स, त्याला यूएसबी आहे. त्याला पेनड्राइव्हच दिसत नाही. ६४ जीबीचा आहे.

उरलेल्या दोन घरी नवे स्मार्ट टीव्ही. तिथे जुनं चालतं, पण फोनवरचं फिकट दिसतं, रंग धुतल्यासारखे.

अशी कुठली सेटिंग आहे का की एकच फाइल केली आणि सातही घरी चालली?

खारवट

ताई, आधी एक काम करा. मीडियाइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात दोन्ही प्रकारच्या फाइल टाका आणि काय लिहून येतं ते इथे सांगा. मी रत्नागिरीजवळ २२ वर्षं टीव्ही आणि प्लेअर दुरुस्त करतोय. लोक पेनड्राइव्ह घेऊन येतात आणि सांगतात, "एमपी४ आहे, मग का चालत नाही?" एमपी४, एमकेव्ही, एव्हीआय हे नुसते डबे. डब्यावर लाडू लिहिलं तरी आत चिवडा असू शकतो. प्लेअर डबा उघडतो, पण आतलं चित्र आणि आवाज कोणत्या पद्धतीने बांधलेत ते त्याला कळलं पाहिजे.

मृदंगाची लेक

बघितलं. कॅसेटची फाइल: एमकेव्ही, चित्र एव्हीसी, ७२० बाय ५७६, इंटरलेस्ड, आवाज ओपस. फोनची फाइल: एचईव्हीसी, मेन १०, ३८४० बाय २१६०, फ्रेम रेट ६० पण "व्हेरिएबल", शिवाय एचडीआर असंही आहे.

खारवट

आता सगळ्या घरांचा उलगडा झाला.

आतेंकडचा मुका प्रकार ओपसमुळे. ही आवाजाची पद्धत २०१२ मध्ये प्रमाणित झाली. इंटरनेटवर ती उत्तम चालते, पण त्या वयाच्या टीव्हींना ती समजत नाही. तुमचा मृदंग फाइलमध्ये आहे, नीट आहे. टीव्हीला वाचता येत नाही इतकंच. तेव्हा मन शांत ठेवा.

फोनची फाइल काकींकडे चालत नाही कारण एचईव्हीसी, म्हणजे एच.२६५, ही चित्र बांधायची पद्धत प्रमाण म्हणून आली २०१३ मध्ये. त्या सुमाराच्या साध्या एलईडीत ते उलगडणारी चिपच नसते. एच.२६४, म्हणजे तुमचं एव्हीसी, मात्र २००३ पासूनचं, ते बहुतेक सगळ्यांना येतं. फिकट रंग एचडीआरमुळे, म्हणजे उजेड-अंधाराची जास्त मोठी पट्टी साठवायच्या पद्धतीमुळे. आणि ६४ जीबीचा पेनड्राइव्ह बाजारातून येतो तोच एक्सफॅटमध्ये, जुन्या बॉक्सला फॅट३२ लागतं. दोन्ही म्हणजे पेनड्राइव्हवर फाइल मांडायच्या पद्धती.

मात्र एकच फाइल सातही घरी, हे डोक्यातून काढा. आबांचा डीव्हीडी प्लेअर एच.२६४ कधीच चालवणार नाही. तुमची दोन घराणी आहेत: पाच टीव्ही एकीकडे, आबा आणि धाकटे काका दुसरीकडे. दोन फाइल करा आणि दोन फोल्डर ठेवा.

टीव्हीवाल्यांची फाइल अशी. हँडब्रेक हे व्हिडिओ बदलायचं फुकट सॉफ्टवेअर घ्या, "फास्ट १०८०पी३०" हा तयार प्रीसेट निवडा आणि त्यात एवढं बदला:

एन्कोडर एच.२६४, पण नावात "१०-बिट" असलेला नको. जुन्या टीव्हींना आठ बिटांचंच एच.२६४ येतं. इथे चुकलं तर बाकी सगळं बरोबर असूनही पडदा काळा राहील.

प्रोफाइल हाय, लेव्हल ४.०. लेव्हल म्हणजे प्लेअरला दिलेला शब्द, की याहून जास्त ओझं टाकणार नाही. ४.० मध्ये १०८०पीला ३० फ्रेमपर्यंत जाता येतं. ६० ठेवायच्या तर ४.२ लागतं आणि तिथे काकींचा टीव्ही अडखळेल. म्हणून भाच्याच्या ६० च्या ३० करा. २५ करू नका. ६० मधून २५ नीट निघत नाहीत, चाल धक्के खात जाते.

फ्रेम रेट "कॉन्स्टंट". फोन अंधारात फ्रेमचा वेग कमी-जास्त करतो, तसंच ठेवलं तर काही प्लेअरवर आवाज हळूहळू चित्राच्या मागेपुढे सरकतो. चार तासांच्या नाटकात हे शेवटी फार जाणवतं. थाप पडलेली दिसते आणि नाद नंतर येतो.

दर्जासाठी आरएफ २०. प्रीसेटमध्ये २२ असतो, पण दशावतारात मागे काळोख आणि पुढे झगमगता मुकुट असतो. काळ्या भागात चौकोन पडतात ते आकडा जास्त ठेवल्यामुळे. त्याचबरोबर कमाल बिटरेट, म्हणजे सेकंदाला जाणारी माहिती, १२,००० किलोबिटला बांधून टाका, खाली जादा पर्याय लिहायची चौकट असते तिथे. जुन्या टीव्हीचं यूएसबी सावकाश वाचतं आणि नेमकं युद्धाच्या प्रसंगात आकडा उसळला की चित्र थबकतं.

आवाज एएसी, स्टीरिओ, ४८ किलोहर्ट्झ, १९२ किलोबिट. डबा एमपी४.

पेनड्राइव्ह १६ किंवा ३२ जीबीचे घ्या, फॅट३२ करा. फॅट३२ मध्ये एक फाइल ४ जीबीच्या आतच लागते. सरासरी ६ एमबीपीएस धरली तर दीड तासाला तेवढी होते, म्हणून नाटकाचे भाग पाडा. आडदशावताराचा, म्हणजे सुरुवातीचा, एक, मुख्य आख्यानाचे दोन-तीन. फाइलींची नावं इंग्रजी अक्षरांत द्या, पुढे ०१, ०२ घाला. देवनागरी नावं जुन्या प्लेअरवर चौकोन होऊन दिसतात. कॉपीही त्याच क्रमाने एकेक करा, कारण काही प्लेअर नावाचा क्रम बघत नाहीत, कॉपी झाल्याचा बघतात.

आबांसाठी एमपीईजी-२, म्हणजे डीव्हीडीवरची चित्राची पद्धत. एफएफएमपेग नावाच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये "पॅल-डीव्हीडी" असं तयार लक्ष्य आहे. चित्र ६,००० किलोबिटने, आवाज एसी-३. तासाला तीन जीबीच्या आत बसतं. त्याचीच डीव्हीडी-आर जाळून द्या. आरडब्ल्यू नको, तिच्यावरून प्रकाश कमी परततो आणि जुन्या प्लेअरचं भिंग आधीच थकलेलं असतं.

रीळ ते पिक्सेल

खारवट यांनी चोख सांगितलंय. कॅसेटीच्या भागात मी भर घालतो. अलिबागकडे २५ वर्षं लग्नं चित्रित केली, त्यातली निम्मी मिनी-डीव्हीवर.

त्या कंगव्याच्या रेषा म्हणजे बिघाड नाही. त्या काळचा कॅमेरा सेकंदाला २५ पूर्ण चित्रं घेत नसे. तो ५० अर्धी चित्रं घ्यायचा, एकदा सम ओळी, एकदा विषम. डब्याचा टीव्ही तशाच आळीपाळीने दाखवायचा, म्हणून तेव्हा रेषा दिसल्या नाहीत. सपाट टीव्ही दोन्ही अर्धी एकदम दाखवतो, आणि दरम्यान हात पुढे गेलेला असतो.

आता महत्त्वाचं. रेषा काढायला डीइंटरलेस करावं लागतं आणि बहुतेक जण ते करताना ५० अर्ध्यांची २५ पूर्ण चित्रं करतात. भाषणाच्या चित्रणाला ते चालून जातं. मृदंगाला नको! दुगुनीत, म्हणजे दुप्पट लयीत, बोटं इतक्या वेगात पडतात की २५ मध्ये निम्मा हात हरवतो. हँडब्रेकमध्ये फिल्टरच्या पानावर डीइंटरलेसला "बीडब्ल्यूडीआयएफ" घ्या, त्याचा प्रीसेट "बॉब" ठेवा आणि फ्रेम रेट ५०, कॉन्स्टंट. प्रत्येक अर्ध्या चित्राचं एक पूर्ण चित्र होतं आणि हाताची हालचाल होती तशी सलग राहते. काकींच्या टीव्हीला हे जड जाईल अशी भीती नको. चित्र लहान असल्याने ५० फ्रेम लेव्हल ३.१ मध्येसुद्धा बसतात.

माणसं फुगतात ती पिक्सेलमुळे. डीव्हीचे पिक्सेल चौरस नसतात. ७२० बाय ५७६ चं चित्र दाखवताना ४:३ करायचं असतं, ती खूण वाटेत पुसली गेली आणि टीव्हीने चित्र पडदाभर आडवं ताणलं. पुन्हा खुणेवर विसंबू नका, जुने टीव्ही ती वाचत नाहीत. सरळ ७६८ बाय ५७६ करून टाका, अ‍ॅनामॉर्फिक बंद. हँडब्रेकला आकार वाढवायची मुभा द्यावी लागते, तिथे टिचकी मारा.

आबांच्या डीव्हीडीत मात्र डीइंटरलेस अजिबात करू नका. त्यांचा टीव्ही त्याच काळचा आहे, त्याला अर्धीच चित्रं हवीत. फक्त क्रम सांभाळा. डीव्हीमध्ये खालचं फील्ड आधी येतं. उलटं झालं तर प्रत्येक हालचाल एक पाऊल पुढे, एक मागे अशी थरथरते.

आणि हे सगळं मूळ एव्हीआयवरून करा, भाच्याने केलेल्या एमकेव्हीवरून नाही. एकदा उकळलेला चहा पुन्हा उकळू नये.

गिरगावातला चाकरमानी

माझंही गाव त्याच बाजूला, म्हणून विचारतो. मुलं इथेच वाढली, संकासुराचं मालवणी त्यांना कळत नाही. खाली मराठीत ओळी टाकल्या तर जुन्या टीव्हीवर दिसतील का?

रीळ ते पिक्सेल

वेगळी सबटायटल फाइल दिलीत तर बऱ्याच जुन्या टीव्हींवर देवनागरी चौकोन होते किंवा जोडाक्षरं फुटतात, "स्व" चा "स्‌ व" होतो. चित्रातच छापून टाका, हँडब्रेकमध्ये "बर्न इन" आहे. आधी फाइल यूटीएफ-८ मध्ये जतन करा. मग कुठल्याही टीव्हीवर ती चित्राचाच भाग असते. तोटा एवढाच की ती नंतर काढता येत नाही, तेव्हा तेवढी प्रत वेगळी करा.

मृदंगाची लेक

नऊ दिवसांनी लिहिते आहे. मधे तीन दिवस पावसाने वीज नव्हती.

तुम्ही सांगितल्याप्रमाणे आधी दोन-दोन मिनिटांचे तुकडे केले आणि घरोघर फिरले. काकीकडे दोन्ही चालले, आवाजासकट. नव्या टीव्हींवर फोनच्या चित्रणाचे रंग आता नीट आहेत. हँडब्रेकमध्ये रंगांचा वेगळा फिल्टर लावून एचडीआर काढलं. आबांची डीव्हीडी पहिल्या फटक्यात लागली. आबा खुर्चीतून उठून टीव्हीजवळ जाऊन उभे राहिले आणि स्वतःचं पद सोबत म्हणायला लागले. त्यांच्या घरच्या काकू म्हणाल्या, बऱ्याच दिवसांनी त्यांचा आवाज चढलेला ऐकला.

अडलंय ते धाकट्या काकांकडे. फॅट३२ केल्यावर पेनड्राइव्ह दिसतो. एमपी४ लागत नाही. आबांसाठीची एमपीजी फाइल लागते, चित्र छान, पण आवाज नाही. पुन्हा तेच!

खारवट

चूक माझी. एसी-३ मी सांगितला, तो डॉल्बीचा आवाज. साध्या बॉक्समध्ये तो बहुधा नसतो. बॉक्सला रोजच्या वाहिन्यांवर एमपी२ आवाज ऐकायची सवय असते. तोच द्या: एमपी२, स्टीरिओ, ४८ किलोहर्ट्झ, २५६ किलोबिट. पॅल डीव्हीडीच्या नियमातही एमपी२ बसतो, म्हणजे आबांना आणि काकांना एकच फाइल पुरेल. चित्र पुन्हा बनवायची गरज नाही. एफएफएमपेगला चित्र जसंच्या तसं उचलायला सांगा आणि फक्त आवाज बदला, पाच मिनिटांत होतं.

एक तपासा. मीडियाइन्फोमध्ये कॅसेटचा मूळ आवाज ३२ किलोहर्ट्झ दाखवतोय का? मिनी-डीव्हीत १२ बिटांचा तसा पर्याय असायचा आणि कित्येक कॅमेरे त्यावरच लावलेले असत. तसं असेल तर ४८ ला बदललंय याची खात्री करा.

मृदंगाची लेक

हो, पहिल्या दोन कॅसेटी ३२ च्या निघाल्या. बदलल्या. काका आणि काकूंकडे काल रात्री सगळे बसून बघितलं, आवाज खणखणीत.

आतेला पेनड्राइव्ह एसटीच्या कंडक्टरबरोबर पाठवला होता. तिचा फोन आला. काही बोलली नाही, फोन टीव्हीजवळ धरून ठेवला. गणपतीच्या आवाहनाचं वाजवणं चालू होतं.

बाबांना ५० फ्रेमवालं दाखवलं. २५ चं आधी दाखवलं होतं, ते त्यांनी नुसतं बघितलं होतं. हे बघताना एका ठिकाणी त्यांनी डाव्या हाताने थांबव अशी खूण केली. मागे घेऊन पुन्हा लावायला लावलं. मग सावकाश म्हणाले, "त्या रात्री डाव्या तोंडाला कणीक कमी पडली होती. हात बघ, जास्त दाबतोय." १८ वर्षांपूर्वीची रात्र, आणि त्यांना हातावरून कळलं. रीळ ते पिक्सेल, तुम्ही बॉबचं सांगितलं नसतं तर त्यांना ते दिसलं नसतं. त्यांचा शिष्य आता रोज संध्याकाळी येतो. बाबा फाइल थांबवून त्याला बोटं दाखवतात.

पुढच्या जत्रेसाठी भाच्याला काय सांगू? दिव्यांच्या उजेडात काही ठिकाणी चित्र लुकलुकतंय.

रीळ ते पिक्सेल

आपली वीज ५० हर्ट्झची, दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. फोन ३० किंवा ६० फ्रेमवर असला की दोघांची चाल जुळत नाही. कॅमेऱ्याचं असं अ‍ॅप घ्या ज्यात फ्रेम २५ किंवा ५० करता येतात आणि शटर १/५० वर बांधता येतं. एचडीआर आणि एचईव्हीसी दोन्ही बंद, १०८०पी पुरे. उजेड मुकुटावर नाही, चेहऱ्यावर बघून लॉक करायचा. आणि मृदंगमणी नेहमी कडेला अंधारात बसतो, त्याच्याकडे दुसरा फोन लावा.

खारवट

मूळ एव्हीआय पुसू नका. पाच तासांचे ६५ जीबी होतात, दोन वेगळ्या डिस्कवर ठेवा आणि एक डिस्क मुंबईला. आपल्या हवेत एकाच घरात दोन प्रती म्हणजे एकच प्रत. कॅसेटी सिलिका जेलबरोबर हवाबंद डब्यात, उभ्या ठेवा.

मृदंगाची लेक

एक डिस्क मामाकडे जाईल. आता एकच राहिलंय. तिसऱ्या कॅसेटीची शेवटची ११ मिनिटं चौकोनांनी भरलेली आहेत, आवाजही तुटतो. त्यात बाबांचा एकट्याचा तुकडा आहे. हीच ती बुरशी धरलेली. पुन्हा चालवून बघू का?

रीळ ते पिक्सेल

आत्ता नको. बुरशी हेडला, म्हणजे टेप वाचणाऱ्या भागाला, लागली तर पुढची प्रत्येक कॅसेट खराब होते. आधी कोरड्या जागी ठेवा. पाऊस ओसरला की माझ्याकडे आणा. माझं डेक, म्हणजे कॅसेट चालवायचं यंत्र, चालू आहे, हेड गेल्या वर्षीच साफ केलंय. चौकोन बऱ्याचदा हेड आणि टेप यांची रेघ न जुळल्यामुळेही येतात, दुसऱ्या डेकवर तोच भाग स्वच्छ येतो असं माझ्याकडे अनेकदा झालंय. मामांचा मूळ कॅमेरा अजून असेल तर तोही बरोबर आणा, ज्याने लिहिलं त्यालाच ते सगळ्यात नीट वाचता येतं.

मृदंगाची लेक

कॅमेरा आहे, मामीने माळ्यावर ठेवलाय. चार्जर शोधायला सांगितलाय. दसऱ्यानंतर येते.